यादोरावजींचा टोलीच्या पत्त्यावरचा अर्ज

वहिनी, कॉलनीतले सगळे, आणि टोलीतून आलेली माझी माणसं,

माझ्या आधी चार जण बोलले. चांगलं बोलले. यादोरावजी किती शिस्तीचे होते, पहाटे फिरायला कसे जायचे, कोणाचं मन कसं दुखवायचे नाहीत. मग अध्यक्ष माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, सुखदेवभाऊ, टोलीतर्फे तुम्ही दोन शब्द बोला. मी जन्मभर खिडकीच्या आत बसलेला माणूस. लोक बाहेरून बोलतात, मी आतून शिक्का मारतो. उभं राहून बोलायची मला सवय नाही. आणि आज तर पहिला शब्द कुठला काढावा तेच सुचत नाही.

म्हणून जो खरा आहे तोच काढतो. मला या माणसाचा हेवा वाटायचा.

वहिनी, यजमानांबद्दल हे ऐकून तुम्ही मान वर केली. थोडं ऐकून घ्या. शोकसभेत असं बोलत नसतात एवढं मलाही कळतं. पण तीन वर्षं मी या माणसावर जळत होतो. त्यांच्या अक्षरावर जळत होतो. त्यांच्या सहीवर जळत होतो. त्यांच्या दुपारच्या झोपेवर जळत होतो. झोपेवर कोणी जळतं का? जळतं. ज्याला ती मिळत नाही तो जळतो.

तिरोड्याकडून आलेल्या पाहुण्यांना इथलं माहीत नसेल, म्हणून सांगतो. ही कॉलनी आणि आमची टोली, म्हणजे मजुरांची वस्ती, आणि मध्ये राईस मिल. मिलच्या पुढे कॉलनी, मिलच्या मागे टोली. चालत गेलं तर पाच मिनिटांचा रस्ता. धान आत जातो, तांदूळ बाहेर येतो, आणि भुसा उडवायला एक मोठा ब्लोअर आहे. त्या ब्लोअरचा आवाज असा की शेजारी बसलेल्या माणसाला पाणी मागायचं तर हाताने दाखवावं लागते.

यादोरावजी बोदलकसाला कालव्यावर निरीक्षक होते. बावीस वर्षं तलावाकाठच्या क्वार्टरमध्ये राहिले. तिथे आवाज कसला, तर पाण्याचा, पाखरांचा, फार तर एखाद्या मासेमाराच्या हाकेचा. असे कान घेऊन माणूस रिटायर झाला आणि इथे घर बांधलं. ब्लोअरचं तोंड तेव्हा कॉलनीकडे होतं. आठ दिवसांत त्यांनी अर्ज लिहिला.

आम्ही टोलीवाले तीस वर्षं मिलच्या पाठीमागे राहून राहिलो. आमच्याकडे भिंती थरथरायच्या. पण टोलीतला अर्धा माणूस मिलमध्ये. कोणी हमाल, कोणी बॉयलरवर, बाया झाडणीवर. आमची पार्बताबाई मागे बसली आहे, तिला विचारा. ती म्हणते, "मशीन वाजून राहिली तं जीवाले बरं वाटते, बाबू. बंद पडली का मंग डोळा लागत नाही." खोटं नाही सांगत ती. मशीन बंद पडली म्हणजे उद्या काम नाही. कॉलनीत ज्या आवाजाने झोप उडते, तो थांबला की टोलीत झोप उडते. तक्रार करायची तर कोणाची? ज्याच्या दारात चूल पेटायचं काम मिळते त्याची?

तरी आम्ही केली. तीनदा केली. त्यातला एक अर्ज मी स्वतः लिहिला होता. त्याचं काय झालं ते ऐका.

मी आवक-जावकला बसतो. ऑफिस कोणतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही. आलेला कागद मी घेतो, शिक्का मारतो, नंबर टाकतो आणि ट्रेमध्ये ठेवतो. ट्रे दोन. वरच्यातला कागद साहेबांच्या टेबलावर जातो. खालच्यातला फाईलला लागतो. फाईलला लागला म्हणजे लागला. कोणता कागद वर आणि कोणता खाली हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. माझ्या आधीच्या मोठ्या बाबूंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "कागद वाचत बसू नको," ते म्हणाले, "पत्ता वाच. पत्त्यावरून समजते कोन पुन्हा येईल ते." कॉलनीतला माणूस पुन्हा येतो, फोन करतो, कोणाकडून तरी करवतो. टोलीतला माणूस पुन्हा येत नाही. त्याला पुन्हा यायला एक रोजी बुडवावी लागते. म्हणून त्याचा कागद खाली.

मी असंच केलं. वर्षानुवर्षं केलं. आणि माझ्या स्वतःच्या हाताने लिहिलेला टोलीचा अर्ज आला, तेव्हा मी त्यावर शिक्का मारला, पत्ता पाहिला आणि खाली ठेवला. सवयीने. दुपारी डबा खाताना आठवलं की अरे, तो तर आपलाच होता. मग? उठून वर ठेवला का? नाही ठेवला. म्हटलं, नियम तो नियम. जो नियम कुठे लिहिलेलाच नाही, तो मी माझ्यावरच पाळला.

मग यादोरावजींचा कॉलनीचा अर्ज आला. मोत्यासारखं अक्षर. मी पत्ता पाहिला आणि वर ठेवला. पंधरा दिवसांत आवाज मोजायचं यंत्र घेऊन माणसं आली. महिन्याभरात मिलने ब्लोअरचं तोंड वळवलं.

कुठे वळवलं? हवा काही खाली जात नाही, वर जात नाही. एका बाजूला कॉलनी, दुसऱ्या बाजूला आम्ही. आमच्याकडे वळवलं.

आधी भिंती थरथरायच्या, आता ताटातली भाकर थरथरू लागली. माझी पोरगी प्रज्ञा तेव्हा नर्सिंग शिकत होती. कानात कापूस घालून वाचायची, कापसावरून ओढणी बांधायची. आणि त्या दिवसांत एका दुपारी यादोरावजी आमच्या दारात. हातात पेढ्यांचा पुडा.

माझी बायको छाया घाबरली. मला आत बोलावून म्हणाली, "काऊन जी, एवढा मोठा मानूस आपल्या घरी कायले आला?" मलाही कळेना. ते बसले. म्हणाले, तुम्ही माझा अर्ज लवकर पुढे पाठवला म्हणून आभार मानायला आलो. म्हणजे म्हणाले असतील. मला अर्धं ऐकू आलं, अर्धं ओठांवरून कळलं. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. प्रज्ञाच्या डोक्यावर बांधलेल्या ओढणीकडे पाहिलं. ओरडून विचारलं, "सुखदेवभाऊ, हा आवाज कुठून येऊन राहिला?"

मीही ओरडून सांगितलं, "तुमचाच होय, साहेब. तुमच्याकडून आला."

पुडा त्यांच्या मांडीवर होता. तो त्यांनी खाली ठेवला. जाताना प्रज्ञाला एवढंच म्हणाले, बेटा, माझी मागची खोली रिकामी आहे, तिथे येऊन वाचत जा.

ती गेली. वहिनी, तुम्हाला माहीत आहे, दोन वर्षं ती तुमच्याकडे येत होती. तुम्ही तिला दुपारी पोहे द्यायचे, यादोरावजी तिच्याकडून धडे म्हणवून घ्यायचे. सगळे म्हणायचे, किती चांगलं झालं. आणि माझ्या पोटात दुखायचं. माझी पोरगी माझ्या घरात वाचू शकत नाही, दुसऱ्याच्या घरात वाचते. का? तर त्याच्या घरात शांतता आहे. आणि ती शांतता कुठून आली? माझ्या घरातून गेली. पोरगी पास झाली तेव्हा पहिला पेढा तिने यादोरावजींना दिला, मग मला. पेढा तोच, त्याच दुकानातला. मला गोड लागला नाही. प्रज्ञा, तू खाली मान घालू नको. तुझी चूक नाही. बापाचं मन छोटं होतं.

यादोरावजी मात्र शांत बसले नाहीत. मिलमालकाकडे गेले. तो म्हणाला, साहब, आपही की शिकायत पर तो घुमाया. कॉलनीच्या पत्त्यावरून त्यांनी दुसरा अर्ज केला. तो मी वर ठेवला, कारण पत्ता वरचा होता. उत्तर आलं, आपल्या निवासस्थानी आवाज मर्यादेत आढळला आहे. बरोबरच होतं. त्यांच्या निवासस्थानी मर्यादेतच होता. ज्याला त्रास आहे त्याने, त्याच्या पत्त्यावरून अर्ज करावा, असंही त्यात लिहिलं होतं.

तेव्हा या माणसाने काय केलं? पार्बताबाईच्या घरी भाड्याने खोली घेतली. चांगलं बांधलेलं घर, वहिनीच्या हातचं जेवण, फरशी, कूलर, सगळं इकडे ठेवून दिवसभर टोलीत जाऊन बसायचे. टोलीतली माणसं हसायची. "पागल झाला का जी हा मानूस?" मीही हसायचो. पण माझं हसू वेगळं होतं. मला वाटायचं, बघू, किती दिवस टिकते ते. आम्ही तीस वर्षं टिकलो, हा पंधरा दिवसांत पळेल. नाही पळाले. आम्हाला निदान पर्याय नव्हता. त्यांना होता आणि तरी ते बसले. याचाही मला हेवा वाटला. गरिबी आमची, त्रास आमचा, आणि त्यातही कौतुक त्यांचं.

खोलीचा कागद झाला. मग त्यांनी तिसरा अर्ज लिहिला, टोलीच्या पत्त्यावरून. सह्या घ्यायला निघाले तेव्हा पहिल्या दारातच सांगितलं, ज्याचा पगार मिलमध्ये आहे त्याची सही मला नको. त्याच्या रोजीवर मी उठणार नाही. मग उरलं कोण? म्हातारी माणसं, आणि मी. मी सरकारी नोकर, मिलचा माझ्यावर जोर नाही. ते माझ्याकडे आले. "सुखदेवभाऊ, तुमची एक सही द्या."

मी म्हणालो, नोकरीत आहे, अशा अर्जावर सही करता येत नाही.

असा काही नियम आहे की नाही, मला माहीत नव्हतं. मी शोधलाही नव्हता. ते म्हणाले, बरं, आणि गेले. वाद घातला नाही. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी ते माझ्या खिडकीवर आले. कागद दिला. मी शिक्का मारला, नंबर टाकला, त्यांच्या प्रतीवरही शिक्का मारून दिला. ते नमस्कार करून गेले. कागद माझ्या हातात राहिला.

आता जे सांगतो ते मी आजवर छायालासुद्धा सांगितलं नाही. तो कागद मी खाली ठेवला.

तुम्ही म्हणाल, सवयीने ठेवला असेल, पत्ता टोलीचा होता. नाही. सवयीने हात खाली गेला हे खरं, पण मी तो मध्येच थांबवला होता. विचार केला होता. मला माहीत होतं की हा माणूस पुन्हा येईल. पत्ता कुठलाही असो, हा येईल. मोठ्या बाबूंच्या हिशेबानेसुद्धा हा कागद वर जायला पाहिजे होता. पण माझ्या मनात आलं, आमचे तीन अर्ज खाली गेले. माझाच अर्ज मी माझ्या हाताने खाली ठेवला. आणि याचा वर ठेवू? आणि याचं काम झालं तर? तर टोली म्हणेल, सुखदेव तीस वर्षं ऑफिसात बसून राहिला, त्याला जमलं नाही. बाहेरून एक माणूस आला, महिनाभर राहिला आणि करून गेला. माझी पोरगीही तेच म्हणेल. हे मला सहन होणार नव्हतं. ब्लोअर सहन होत होता. हे होणार नव्हतं.

म्हणून खाली ठेवला.

त्यानंतर ते दर सोमवारी यायचे. पेन्शनवाल्याचा सोमवार मोकळा असतो, त्याचाही मला हेवा. खिडकीशी वाकून विचारायचे, "सुखदेवभाऊ, काही उत्तर?" मी म्हणायचो, प्रक्रियेत आहे. ते म्हणायचे, बरं. एकदा हसून म्हणाले, "पत्ता बदलला तं माझं अक्षरही बिघडलं वाटते." त्यांना वाटलं, टोलीच्या पत्त्याने त्यांचा अर्ज पडून आहे. त्यांना वाटलं, आता आपल्याला कळलं टोलीवाल्यांना काय वाटते ते. आणि मला आनंद झाला. हो, आनंद झाला. त्या दिवशी मी त्यांना बाहेरच्या टपरीवर नेऊन चहा पाजला. ते म्हणाले, तुम्ही फार चांगले आहात. मी चहा ढवळत राहिलो.

असे कितीतरी सोमवार गेले. मागच्या सोमवारी ते आले नाहीत. दुपारी प्रज्ञाचा फोन आला. दवाखान्यात तिचीच ड्यूटी होती, तिच्याच डोळ्यांसमोर गेले. हृदयाचा झटका होता. ब्लोअरने नेलं असं मी म्हणणार नाही, मिलवर खोटा आरोप नको. पण मी त्यांना वाट पाहायला लावली, हे खरं आहे. इतक्या वेळा त्यांनी विचारलं आणि इतक्या वेळा मी खोटं बोललो, हे खरं आहे.

सावडून आल्यावर मी ऑफिसात गेलो, खालचा गठ्ठा सोडला आणि तो कागद काढला. आणि पहिल्यांदा वाचला. तोवर वाचला नव्हता. शिकवलंच नव्हतं ना मला. त्यातलं शेवटचं कलम मी जसंच्या तसं सांगतो, मला आता पाठ झालं आहे.

"सदर ब्लोअरचे तोंड माझ्याच पूर्वीच्या अर्जावरून वस्तीकडे वळविण्यात आले आहे. सबब हा आवाज माझा आहे. मिलने तो बंदिस्त करावा. ते शक्य नसल्यास ब्लोअरचे तोंड पूर्ववत माझ्या घराकडे करण्यात यावे. माझी हरकत नाही."

कॉलनीतली माणसं एकमेकांकडे पाहून राहिली. मला दिसते आहे. तुम्हाला हे त्यांनी सांगितलं नसेल. वहिनी, तुम्हाला सांगितलं होतं का?

होतं. बरं.

म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मागच्या बाजूला होते. खाली दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीवर त्यांची सही. दुसऱ्या ओळीवर लिहिलं होतं, सुखदेव, राहणार टोली. आणि पुढे जागा कोरी. मी नाही म्हटलं होतं, तरी जागा ठेवली होती. त्यांना खात्री असेल, किंवा नुसती आशा असेल. मला विचारता येत नाही.

काल मी त्या जागेवर सही केली. आज सकाळी कागद स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ट्रेमध्ये नाही, हातात दिला. साहेबांनी शिक्क्याची तारीख पाहिली आणि विचारलं, इतके महिने हा कुठे होता? मी सांगितलं, माझ्याकडे होता, मी दाबला होता. लेखी द्या म्हणाले. लेखी दिलं. त्याचं जे व्हायचं ते होईल. रिटायर व्हायला वर्ष राहिलं आहे, त्यात काय ते होऊ द्या.

वहिनी, तुमची माफी मागतो, पण तुम्ही ती आजच द्यावी असं नाही. दिली नाही तरी मी समजून घेईन.

तुम्हाला वाटेल, आता याचा हेवा गेला असेल. नाही गेला. वाढला. मला वाटायचं, मी त्यांच्या झोपेवर जळतो, अक्षरावर जळतो. आता कळलं, आपल्या दारातून गेलेला त्रास परत मागता येतो, हे मला आयुष्यात एकदाही सुचलं नाही. टोलीच्या बाजूने मी जन्मभर बोललो असेन, पण ही ओळ मला लिहिता आली नसती. त्या ओळीवर मी मरेपर्यंत जळणार.

आता अध्यक्ष म्हणतील, दोन मिनिटं उभे राहू या. माझी एक विनंती आहे. इथे नको. इथे शांतच आहे. इथे उभं राहायला काही लागत नाही. चला, टोलीत चला. पार्बताबाईच्या खोलीसमोर, जिथे ते बसायचे, तिथे उभे राहू. मिल चालू आहे, आज काही सुट्टी नाही. मिलवाल्यांना बंद करा म्हणून कोणी सांगू नका, आमची माणसं कामावर आहेत. तुमचे कान बधिर होतील, छातीत थरथरेल, शेजारच्याचं रडणंही ऐकू येणार नाही. तिथे दोन मिनिटं उभं राहून त्यांची आठवण काढून दाखवा. ज्यांना चालवत नाही त्यांनी इथेच बसावं, कोणी राग मानणार नाही.

वहिनी, तुम्ही पुढे चला. प्रज्ञा, काकूंचा हात धर.

यादोरावजी, जय भीम. येतो आम्ही.